जयरामनं विचारलं होतं

आनेकेला घ्यायला मी नाशिकरोड स्टेशनवर गेले होते. २००३ सालचा एप्रिल संपत आला होता. गाडीतून उतरली ती एक उंच, किडकिडीत, उन्हानं लालबुंद झालेली मुलगी. पाठीवर तिच्याएवढीच पिशवी. त्या पिशवीत कपडे थोडे आणि खेळाचं सामान भारंभार होतं, हे घरी आल्यावर कळलं. दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, रंगीत खडू आणि सात रंगांचं एक भलंमोठं गोल कापड. ते चारी बाजूंनी मुलांनी धरायचं, वर उडवायचं आणि खाली येता येता सगळ्यांनी त्याच्या आत शिरायचं, असा तो खेळ.

ती हॉलंडची. वय तेवीस. लहानपणी स्वतः उन्हाळी शिबिरांना गेलेली, पुढे तिथेच ताई झालेली. आता कुठल्याशा संस्थेमार्फत आमच्या शिबिरात मदतीला आली होती.

आमची संस्था लहान होती. सुरगाणा, पेठ, हरसूल भागातल्या पाड्यांवरच्या मुलांसाठी आम्ही मे महिन्यात तीन आठवड्यांचं निवासी शिबिर घ्यायचो. आईबाप हिवाळाभर द्राक्षाच्या बागांवर नाहीतर वीटभट्टीवर. परत आले की घर शाकारायचं, पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजायचा. मुलांकडे बघायला कुणाला सवड नसे. संस्था चालवायचे गंगाधरकाका. निवृत्त प्राध्यापक, पांढरा सदरा, हळू बोलणारे. त्यांच्यावर माझी श्रद्धा होती, हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं ऐकताना ते वाईट माणूस होते असं वाटेल. तसं नव्हतं.

गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी आनेके चार दिवस राहिली. माझी मुलगी आभा तेव्हा चार वर्षांची. तिनं आनेकेचं नाव पहिल्याच दिवशी ‘अनिका’ करून टाकलं आणि पुढे तेच सगळीकडे चाललं. बादली-तांब्यानं अंघोळ, मांडी घालून जेवण, हातानं वरणभात कालवणं, सगळं ती मान खाली घालून शिकत राहिली. चुकलं की खूप हसायची. मला ती आवडली.

शिबिर भरायचं सुरगाण्याच्या अलीकडच्या एका आश्रमशाळेत. सुटीत इमारत मोकळी असे. दोन मोठ्या खोल्या, एक व्हरांडा, एक हातपंप. दोन मे रोजी यादवच्या जीपनं चार खेपा केल्या आणि बेचाळीस मुलं आणून सोडली. स्वयंपाकाला हरसूलच्या मालनबाई होत्या. साठीच्या, कडक, तंबाखूची मिश्री लावणाऱ्या. स्वतःची पाच बाळंतपणं आणि त्यातल्या दोन पोरांची मरणं पाहिलेल्या.

पहिले तीन दिवस अनिकाला फार जड गेले. पत्र्याखाली दुपारी बसवत नसे. पोट बिघडलं. मुलं तिच्या केसांना हात लावून पळायची, तिच्या मागे तिच्यासारखं चालून दाखवायची. एकदा मी व्हरांड्यात गेले तर ती भिंतीकडे तोंड करून रडत होती.

“परत जायचंय का?” मी इंग्रजीत विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “त्यांना माझं एक अक्षर कळत नाही आणि मला त्यांचं. मी इथे कशाला आले, एवढंच कळत नाहीये.”

मालनबाईंनी तिला हाताला धरून चुलीपाशी बसवलं आणि नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ पुढ्यात ठेवलं. तिनं थापलेली भाकरी फुटली, दुसरीही फुटली. मुलं गोळा झाली. मनीषा नावाची आठ वर्षांची मुलगी पुढे आली, तिनं अनिकाचे हात आपल्या हातात धरले आणि पिठावर कसे फिरवायचे ते दाखवलं. तेव्हापासून मनीषा तिची सावली झाली. “ह्याला काय म्हणायचं?” असं बोटानं दाखवून अनिका विचारी आणि मनीषा तिला शब्द सांगे. पाणी. काडी. मुंगी. बारकं पोर. मनीषाला अकरा महिन्यांचा भाऊ होता, साई. त्याच्या गोष्टी ती न थकता सांगायची. तो कसा रांगतो, कसा कोंबडीच्या मागे लागतो. आठवडाभरात अनिका मोडकंतोडकं मराठी बोलायला लागली, तेही मुलांचं, हेल काढून. मी हसले की म्हणायची, “लय हसू नको.”

पाच तारखेला पेठ बाजूच्या एका मुलीला ताप आला. डोळे लाल, नाक वाहतंय, खोकला. मी तापाची गोळी दिली. आठ तारखेला तिच्या कानामागे, मग तोंडावर, मग पोटावर पुरळ उठलं. मालनबाईंनी तिला उजेडात आणून पाहिलं.

“ताई, गोवर हाय ही.”

“घामोळं आहे, मालनबाई. बघा ना केवढं उकडतंय.”

“घामोळं कानामागनं सुरू व्हत न्हाई. पोरीला येगळी ठेवा.”

तिला वेगळं ठेवायला खोली कुठे होती? कोठीत पोती होती. मी अनिकाला विचारलं. तिनं गोवर कधी पाहिलाच नव्हता. “आमच्याकडे लस टोचतात,” ती म्हणाली, “माझ्या आजीनं पाहिला असेल.” मालनबाईंनी स्वतःच चुलीमागे पोतं अंथरून मुलीला निजवलं, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला आणि तिला मऊ भात भरवला. चार दिवसांत ती उठून हिंडायला लागली. मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, घामोळंच होतं.

त्या दिवसांत ते गोल कापड रोज संध्याकाळी निघायचं. बेचाळीस मुलं कडा धरून ओरडायची, कापड फुग्यासारखं वर जायचं आणि सगळी आत शिरून एकमेकांना चिकटून बसायची. बाहेरून नुसती हालचाल दिसायची आणि खिदळणं ऐकू यायचं.

पंधरा तारखेला एकदम पाच मुलं तापली. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी दोन. सगळ्यांचे डोळे तसेच लाल. आता मलाही कळलं. मालनबाई चुलीमागे आणखी पोती अंथरायला लागल्या.

यादवच्या जीपमध्ये बसून मी आणि अनिका सुरगाण्याला गेलो. शुक्रवार होता. आरोग्य केंद्रातले डॉक्टर बैठकीसाठी नाशिकला गेले होते, सोमवारी येणार होते. कंपाउंडरनं तापाचं औषध दिलं. मी एसटीडी बूथवरून गंगाधरकाकांना फोन केला. त्यानंतर अनिकानं आपल्या घरी फोन लावला. ‘आपल्या डॉक्टरांना विचारते, तासाभरानं पुन्हा फोन कर,’ असं तिच्या आईनं सांगितलं. आम्ही तासभर बूथबाहेरच्या बाकड्यावर बसलो. दुसऱ्यांदा बोलून ती बाहेर आली तेव्हा तिच्या तळहातावर पेननं काहीतरी लिहिलेलं होतं.

“कुणालाही घरी पाठवायचं नाही,” ती म्हणाली. “आज जी बरी दिसतात त्यांच्याही अंगात असेल. दोन आठवडे इथेच ठेवायची. घरी लहान बाळं आहेत, उत्तरा. मोठी मुलं वाचतात. बाळं मरतात.”

गंगाधरकाका दुपारी आले. मुलांना पाहून त्यांचा चेहरा उतरला. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून त्यांनी कितीतरी वेळ चष्मा पुसला.

“उत्तरा, आपल्याकडे काय आहे?” ते म्हणाले. “डॉक्टर नाही, नर्स नाही, एक पंप आणि दोन खोल्या. उद्या एखादं मूल इथे गेलं तर त्याच्या बापाला काय सांगणार? मुलं आईजवळ बरी होतात. उद्या सकाळी सगळ्यांना घरी पाठवू.”

अनिकानं इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बेटा, तू पाहुणी आहेस,” ते म्हणाले. “तुझ्या डॉक्टरांना हा भाग माहीत नाही. गोवर इथे दरवर्षी येतो.”

“पण दरवर्षी आपण तो गाडीतून घरोघरी नेत नाही,” ती म्हणाली.

काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “पेपरात आलं ना, की शिबिरात साथ पसरली, तर पंधरा वर्षांचं काम मातीत जाईल. तू तिला समजाव.”

मी तिला समजावलं नाही, पण तिच्या बाजूनंही बोलले नाही. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात त्या वेळी आभा होती. शिबिर मोडलं की मला घरी जाता येणार होतं. मी मनातल्या मनात तिचं लसीचं कार्ड आठवत होते, नवव्या महिन्याच्या रकान्यातला तो निळा शिक्का.

शनिवारी सकाळी यादव खेपा करायला लागला. निरोप मिळाला तसे जवळच्या पाड्यांवरचे बाप चालतच मुलांना न्यायला आले. कुणी काही विचारलं नाही. बाईंनी सांगितलं न्या, म्हणून नेलं. फक्त मनीषाचा बाप, जयराम, थांबला. पस्तिशीचा, बुटका, खांद्यावर टॉवेल. बागेतून परतून त्याला महिनाच झाला होता. त्यानं लेकीच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता, नाक मात्र वाहत होतं.

“बाई, पोरांना गोवर हाय म्हंत्यात. आमच्या घरी बारकं हाय. सिस्टर सुया टोचाया आल्या तवा आमी बागंवर व्हतो, त्याला सुई न्हाई. हिला न्यावं का? का ऱ्हाऊ द्यावं हितं?”

एवढं सरळ मला त्या दिवशी दुसऱ्या कुणी विचारलं नाही. काका पाच पावलांवर उभे होते, ऐकत होते. अनिका मनीषाचा हात धरून माझ्या बाजूलाच होती.

“न्या, जयरामभाऊ,” मी म्हणाले. “हिला काही नाही झालेलं. साधी सर्दी आहे.”

“बारक्याला काय व्हनार न्हाई ना?”

“नाही होत.”

अनिकाला त्याचं भराभर बोलणं कळलं नव्हतं. तिनं विचारलं, “तो काय म्हणाला?”

“औषध द्यायचं आहे का, ते विचारत होता,” मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. वाकून मनीषाचं नाक आपल्या ओढणीनं पुसलं, तिच्या हातात एक दोरी दिली. जयरामनं लेकीला खांद्यावर घेतलं आणि दोघं उतारावरून गेली.

दुपारपर्यंत शाळा रिकामी झाली. काका आणि मी संध्याकाळच्या आत नाशिकला परतलो. अनिका आली नाही. “सोमवारी डॉक्टर येतील तेव्हा इथे कुणीतरी असायला हवं,” असं म्हणाली. मालनबाईही थांबल्या. त्या माझ्याकडे पाठ करून भांडी घासत राहिल्या.

पुढचं मला नंतर कळलं. सोमवारी डॉक्टर आले आणि रिकामी शाळा बघून अनिकावर भयंकर ओरडले. ती मान खाली घालून उभी राहिली. ‘मी नाही पाठवलं’ असं ती म्हणाली नाही. ओरडून झाल्यावर तिनं बेचाळीस मुलांची नावं आणि पाड्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. आठवड्याभरात नाशिकहून दोन पथकं आली, लस आली, डोळ्यांसाठी अ जीवनसत्त्वाचं औषध आलं. अनिका आणि मालनबाई त्यांच्याबरोबर फिरल्या. जिथे जीप जात नव्हती तिथे चालत गेल्या. पण गोवर त्यांच्या आधीच तिथे जाऊन बसला होता. ज्या घरात मोठं मूल शिबिराला आलेलं, त्या घरात लहानगं तापलेलं. ताप आल्यावर लसीचा उपयोग नसतो.

मी घरी आभाला अंघोळ घालत होते, शाळेचं नवं दप्तर आणत होते. आज जाऊ, उद्या जाऊ, असं म्हणत एकदाही सुरगाण्याला गेले नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी दारात अनिका उभी राहिली. मी तिला ओळखलं नसतं. गालफडं बसलेली, ओठ फुटलेले, पायांना चिखल. सलवार ठिकठिकाणी फाटून शिवलेली. आभा धावत तिच्याकडे गेली, तर ती एक पाऊल मागे सरली.

“थांब,” ती मराठीत म्हणाली. “माझे कपडे घाण हायेत.”

मी पाणी दिलं. तिनं ते हातात धरलं, प्यायलं नाही.

“पाच गेली,” ती म्हणाली. “तीन पाड्यांवर मिळून पाच. सगळ्यात मोठं अडीच वर्षांचं. साई रविवारी गेला. छातीत भरलं होतं. जयराम त्याला झोळीत घालून निघाला, मी बरोबर होते. आरोग्य केंद्र दोन मैल राहिलं होतं. त्यानं झोळी खाली ठेवली, आत बघितलं आणि रस्त्याच्या कडेला बसला. मग मी पण बसले.”

मी आभाला आतल्या खोलीत पाठवलं.

“तिथे बसल्यावर तो मला म्हणाला, ‘बाईंना इचारलं व्हतं म्या.’ मला आता तेवढं कळतं, उत्तरा. मी त्याला पुन्हा विचारलं, काय विचारलं होतं? त्यानं सगळं सांगितलं. हळू सांगितलं, मला कळावं म्हणून.” तिनं ग्लास टेबलावर ठेवला. “तू मला म्हणालीस, औषधाचं विचारतोय.”

“काका उभे होते,” मी म्हणाले. ते ऐकून मलाच माझी लाज वाटली.

“मी पण उभी होते,” ती म्हणाली. “मला नीट सांगितलं असतंस तर मी मनीषाचा हात सोडला नसता. तू ते ओळखलं होतंस. म्हणून सांगितलं नाहीस.”

ती ओरडली असती तर सोपं झालं असतं. ती खुर्चीवर बसून आपल्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, “ते कापड मीच आणलं होतं. रोज सगळ्यांना त्याच्याखाली मीच बोलवायचे. मी तुला एकटीला म्हणत नाहीये.” आमच्याकडे तिचे उरलेले कपडे होते, ते घेऊन ती गेली. जेवून जा म्हटलं, थांबली नाही.

जुलैत ती मायदेशी परतली. तिनं पाठवणाऱ्या संस्थेला सगळं लिहून कळवलं. कुणाचं नाव घेऊन आरोप केला नव्हता. तारखा, पाडे, मुलांची वयं, एवढंच. त्या संस्थेनं आमच्याशी संबंध तोडले. काकांनी शिबिरं बंद केली. त्यांची तब्येत ढासळली आणि दीड वर्षात ते गेले. शेवटपर्यंत ते म्हणायचे, “त्या वेळी तेच बरोबर वाटलं.” मी कधी होही म्हटलं नाही आणि नाहीही.

जयरामच्या घरी मी गेले ते पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात. यादवनं जीप जिथवर जाते तिथवर सोडलं, पुढे दीड तास चालले. भात कापणीला आलं होतं. जयराम खळं सारवत होता. त्याची बायको हिरा मला पाहून आत गेली. मनीषा भिंतीला टेकून बसली होती. माझा आवाज ऐकून तिनं मान तिरकी केली तेव्हा मला तिचा डावा डोळा दिसला. बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं.

“गोवरानं गेला,” जयराम म्हणाला. “दुसरा बरा हाय.”

मी उभ्याउभ्याच त्याला सांगितलं. त्या दिवशी मला माहीत होतं, डॉक्टरांचा निरोप आला होता, पोरांना पाठवू नका म्हणून. तरी मी तुम्हाला खोटं सांगितलं. वाटभर घोकलेलं सगळं चार वाक्यांत संपलं.

जयरामनं हातातला शेणाचा गोळा खाली ठेवला.

“आमी अडाणी, म्हून तर इचारलं,” तो म्हणाला. “ज्याला ठावं, त्याला इचारायचं. तुमी म्हनला असता ऱ्हाऊ द्या, तर ऱ्हाऊ दिली असती.”

“हो.”

“मंग आता काय सांगाया आलाव?”

मी म्हणाले, मनीषाला नाशिकला नेते, डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवते. आमच्याकडेच राहील, शाळेत घालते. हे बोलत असतानाच हिरा दारात आली. तिनं ते ऐकलं होतं. ती बाहेर येऊन मनीषाच्या पुढ्यात बसली, माझ्याकडे पाठ करून, आणि लेकीचं डोकं तिनं आपल्या पोटाशी ओढलं.

“डाक्तरकडं आमी नेऊ,” जयराम म्हणाला. “कागुद लिवून द्या, कुठं जायाचं त्ये. पोर तुमच्यासंगं धाडनार न्हाई.”

मी वहीचं पान फाडून पत्ता लिहिला. हॉस्पिटल कुठे, एसटी कोणती, कुठे उतरायचं, कुणाला भेटायचं, खाली माझा फोन नंबर. जयरामला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवला. त्यानं तो कागद मनीषाच्या हातात दिला. तिनं तो उजव्या डोळ्याजवळ धरला आणि माझ्यामागून एकेक शब्द अडखळत पुन्हा वाचला, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. मी लिहिलं होतं तेच मी वाचलंय, याची बापाला खात्री पटली तेव्हाच त्यानं मान हलवली.

“जीप चार वाजता परत फिरती,” तो म्हणाला. “निघा आता.”

दिवाळीनंतर ते तिघं नाशिकला येऊन गेले, असं मला हॉस्पिटलातून कळलं. डोळ्याचं काही होण्यासारखं नव्हतं. माझ्या घरापासून ते हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं. मला त्यांनी फोन केला नाही.